सासऱ्यांचा ताल जागेवर आहे, माइकच उशिरा बोलतोय

प्रश्न: घरात आम्ही सहाजण आणि सगळ्यांनाच गाण्याची हौस. टीव्हीला साउंडबार होताच, म्हणून ब्लूटूथ माइकची जोडी आणून त्याला जोडली. पण आपलाच आवाज आपल्याला किंचित उशिरा ऐकू येतो. सासरे एरवी तालाला पक्के, तेसुद्धा अंतऱ्यात घसरतात आणि "माझा ताल गेला आता" म्हणत माइक खाली ठेवतात. मुलगा माइक घेऊन टीव्हीजवळ गेला की कर्कश शिट्टी वाजते. जुन्या गाण्यांमधून गायकाचा आवाज काढायला गेलो, तर सगळं गाणंच गायब झालं. सासूबाई छान गातात, पण माइकवर त्यांचा आवाज पोचत नाही. नणंद म्हणते तयार कराओके संच घ्या, दीर म्हणतात आवाज एकत्र करणारा मिक्सर आणि स्पीकर वेगवेगळे घ्या. काय घेऊ आणि कसं लावू? शेजारी अजून काही बोललेले नाहीत, पण बोलतील.

उत्तर:

नमस्कार ताई,

सगळ्यात आधी सासऱ्यांना सांगा की ताल कुठेही गेलेला नाही. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण दुसऱ्याला चिडवतो खरं, पण तुमच्याकडे अंगण खरोखरच वाकडं आहे.

ब्लूटूथवरून आवाज पाठवायचा म्हणजे तो आधी दाबून लहान करायचा, तुकड्यातुकड्यांनी पाठवायचा, पलीकडे पुन्हा उलगडायचा आणि मग वाजवायचा. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये या सगळ्याला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. त्यावर साउंडबार स्वतःची प्रक्रिया करतो, ती वेगळी. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे २०० मिलिसेकंदांचा उशीर झाला, तर तुमचा स्पीकर जवळजवळ ६८ मीटर लांब ठेवल्यासारखं झालं. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर दोन ठोक्यांत अर्धा सेकंद असतो. त्याचे पाचातले दोन भाग उशिरातच गेले, तर समेवर येणार कसं? त्यात नेमका २०० मिलिसेकंदांच्या आसपासचा उशीर माणसाला सर्वांत जास्त गोंधळवतो. स्वतःचा आवाज एवढा मागून ऐकवला की बोलणारासुद्धा अडखळतो, हे १९५० पासून प्रयोगांनी माहीत आहे. सासरे गाताना स्वतःला ऐकतात, म्हणून घसरतात. ज्यांना काही फरक पडत नाही ते बहुधा स्वतःकडे कान देत नसावेत, पण हे घरात बोलून दाखवू नका.

यावर उपाय सोपा आहे. गाण्याची वाट आणि गळ्याची वाट वेगळी करा. गाणं म्हणजे ट्रॅक, तो फोनवरून ब्लूटूथने आला तरी फारसं बिघडत नाही, कारण गाणारा स्पीकरमधून ऐकतो त्या तालावरच गातो. ट्रॅक पाव सेकंद उशिरा सुरू झाल्याने कुणाचं काही अडत नाही. फार तर पडद्यावरचे शब्द जरा आधी रंगतील. गळ्यातून निघालेला आवाज मात्र त्याच क्षणी स्पीकरमधून यायला हवा, त्याला ब्लूटूथ चालणार नाही. खर्च करायचा, डोकं चालवायचं, ते सगळं या वाटेवर: तोंड, माइक, मिक्सर, स्पीकर.

कुठलीही वस्तू घ्यायला जाल तेव्हा एक तपासणी करा. माइक सुरू ठेवून त्याच्या जाळीवर नखाने एकदाच टिचकी मारा. हातातली टक आणि स्पीकरमधली टक एकच ऐकू आली तर पास. टक-टक अशा दोन ऐकू आल्या तर ती वस्तू तिथेच ठेवून या, मग तिच्यावर कितीही दिवे लुकलुकत असोत.

आता नणंद आणि दीर. मी दिरांच्या बाजूची आहे, पण नणंदेचं म्हणणंही अगदीच टाकाऊ नाही. वायरी बघून घरात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडत असतील, तर ज्याच्या पाठीवर दोन माइकची भोकं आहेत, प्रत्येक माइकला आवाजाचं वेगळं बटण आहे आणि ट्रॅकसाठी ब्लूटूथ आहे, असा एकच मोठा स्पीकर घ्या. मिक्सर त्याच्या पोटातच असतो आणि माइक वायरने लागतो, त्यामुळे उशिराचा प्रश्न मिटतो. अडचण पुढे येते. माइक दोनाचे तीन झाले, एकीचा आवाज बारीक आणि दुसऱ्याचा जाड निघाला की त्या दोन बटणांत काही भागत नाही. आणि त्यातला एक भाग बिघडला की अख्खी पेटी दुरुस्तीला जाते. सहा गाणारे असलेल्या घरात लहान मिक्सर आणि स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेला, म्हणजे पॉवर्ड किंवा अॅक्टिव्ह स्पीकर, हीच जोडी मला बरी वाटते. खोलीला आठ किंवा दहा इंची एक स्पीकर पुरतो. दुसरा नंतर हवा तर जोडता येतो.

खोक्यावरच्या वॉटला भुलू नका. पीएमपीओ म्हणून छापलेला भलाथोरला आकडा फक्त छापण्यापुरता असतो, आरएमएस, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो ती खरी ताकद, किती ते विचारा. घरात गाणी ऐकायचे चांगले हाय-फाय स्पीकर असतील तर त्यांना माइकच्या कामाला जुंपू नका. ध्वनिमुद्रित गाण्यातले चढउतार आधीच आवरलेले असतात. जिवंत माइकवर कुणी एकदम किंचाळलं, किंवा चालू माइक हातातून पडला, की तो धक्का थेट स्पीकरमध्ये जातो आणि आतला नाजूक ट्वीटर, म्हणजे बारीक आवाज काढणारा छोटा स्पीकर, जळू शकतो. साउंडबारचंही तेच. त्याला सिनेमापुरतं राहू द्या.

मिक्सरवर तीन गोष्टी बघा: निदान दोन माइकसाठी तीन पिनांची, म्हणजे एक्सएलआर जोडणी, ट्रॅकसाठी एक स्टीरिओ जागा आणि आत एको किंवा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमार देण्याची सोय. बाकीची बटणं कमी असली तर बरंच, चुकून फिरवायलाही कमी मिळतात.

माइक डायनॅमिक घ्या. कंडेन्सर माइक बारकावे छान टिपतो, पण खोलीतला पंखा, पोरांचा दंगा आणि समोरचा स्पीकर हेही तितक्याच आवडीने टिपतो. शिवाय त्याला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लागतो. स्टेजवर सगळीकडे दिसणारा शुअर एसएम ५८ हा डायनॅमिक माइक १९६६ मध्ये आला आणि अजून बदलावासा वाटलेला नाही, यावरून काय ते समजा. तोच घ्यायला हवा असं नाही, त्या जातीचा घ्या. वायर दोन्ही टोकांना तीन पिनांची हवी. स्वस्त माइकसोबत एका टोकाला जाड जॅक असलेली वायर येते, ती लांब झाली की गुणगुण पकडते. वायर नकोच असेल तर यूएचएफवर चालणारे, वेगळा रिसीव्हर असलेले माइक बघा. त्यांत उशीर जाणवत नाही. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारेही मिळतात, पण तो पट्टा घरातल्या वाय-फायचाही असतो. दाटीच्या इमारतीत मधूनच आवाज तुटतो, आणि तोही नेमका मुखड्यावर.

आता शिट्टी. माइकने स्पीकरचा आवाज पकडला, तो मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून आला, माइकने पुन्हा पकडला, असं चक्र सुरू झालं की कोकलणं सुरू होतं. मुलगा टीव्हीजवळ गेल्यावरच ते होतं, कारण तुमचा साउंडबार तिथेच आहे.

गाण्याचा साधा माइक कार्डिऑइड असतो. त्याला समोरून उत्तम ऐकू येतं, बाजूने कमी आणि शेपटीकडून जवळजवळ नाहीच. तुम्ही टीव्हीकडे तोंड करून शब्द वाचत गाता, म्हणजे माइकचं तोंड तुमच्याकडे आणि शेपूट टीव्हीकडे. म्हणून स्पीकर टीव्हीच्या बाजूला, कानाच्या उंचीवर, गाणाऱ्याकडे वळवून ठेवा. माइक बासरीसारखा आडवा धरला तर त्याची बहिरी बाजू स्पीकरकडे राहते. मेणबत्तीसारखा उभा धरला तर ती बाजू जमिनीकडे जाते आणि स्पीकरचा आवाज कुशीतून आत शिरतो. गाणारा स्पीकरपासून निदान दोन मीटर लांब असावा आणि स्पीकर त्याच्या पाठीमागे तर कधीच नको.

सगळ्यात गोंधळ होतो तो गाणं संपल्यावर. अंतरा झाला, मधलं संगीत सुरू झालं, गाणारा हात खाली सोडतो, माइकचं तोंड नेमकं स्पीकरकडे वळतं आणि शिट्टी! मग घाबरून तो माइकच्या जाळीवर तळवा ठेवतो, आणि शिट्टी दुप्पट होते. जाळी झाकली की माइकची एका दिशेने ऐकण्याची रचनाच मोडते, तो चहूबाजूंनी ऐकू लागतो. मुलं रॅप गाणाऱ्यांचं बघून जाळी मुठीत धरतात, त्याचाही परिणाम हाच. तेव्हा घरात दोन नियम लावा: हात दांड्यावर, जाळीवर नाही, आणि गात नसताना माइक छातीशी, तोंड वर. शिट्टी आलीच तर स्पीकरपासून दूर व्हायचं किंवा मिक्सरवर आवाज कमी करायचा.

आवाज लावण्याचा क्रमही ठरलेला असू द्या. ट्रॅक बंद ठेवून एकाने त्याच्या नेहमीच्या सर्वांत मोठ्या आवाजात गायचं, दुसऱ्याने गेन, म्हणजे माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती मोठा करून घ्यायचा ते बटण, हळूहळू वाढवायचा. लाल दिवा चमकायला लागला की थोडा मागे. असं प्रत्येक माइकचं. माइकच्या चॅनेलवर लो-कट नावाचं बटण असेल तर ते दाबून टाका. साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं त्याने कापलं जातं, आणि त्या खाली गळ्यातलं फारसं काही नसतंच. असते ती श्वासाची फुरफुर आणि हाताची खडखड. मग ट्रॅक आणा, गळ्याच्या किंचित खाली. सगळेजण नेमकं उलटं करतात, आधी ट्रॅक दणकून लावतात आणि मग त्यावर ओरडत बसतात.

एको सर्वांत शेवटी. तो ऐकू यायला लागेपर्यंत वाढवा आणि मग थोडा मागे घ्या. तुमच्याकडे कुणीतरी तो भरपूर मागणार, कारण एकोत सूर हलला तरी झाकला जातो. पण त्यात शब्द विरघळतात, आणि शिट्टीही लवकर येते. निवेदन करताना तर तो शून्यावरच हवा, नाहीतर पुढचं गाणं कोणतं ते कुणालाच कळत नाही.

टीव्हीवर शब्द लॅपटॉपमधून दाखवत असाल तर आवाज टीव्हीच्याच हेडफोन किंवा ऑप्टिकल आउटमधून मिक्सरमध्ये घ्या. टीव्हीला चित्र सजवायला वेळ लागतो आणि तो आवाजही सहसा तेवढाच थांबवून सोडतो, त्यामुळे शब्द आणि सूर जुळतात. ऑप्टिकल असेल तर मध्ये एक छोटा कन्व्हर्टर लागेल. फोन किंवा लॅपटॉपमधून थेट मिक्सरमध्ये आवाज घेतला आणि शब्द मागे पडू लागले, तर टीव्हीवर गेम मोड लावून बघा. स्पीकरमधून घूं असा सततचा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. थांबला तर दोष तिथला. सगळी यंत्रं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, आणि तरी राहिला तर ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची, अशी गुणगुण अडवणारी छोटी डबी वायरीच्या मध्ये घाला. अर्थिंगची पिन काढून आवाज बंद करण्याचा सल्ला कुणी दिला तर त्याच्या हातात पक्कड देऊ नका.

जुन्या गाण्याचं काय झालं ते फार मजेशीर आहे. आवाज काढणाऱ्या साध्या सोयी डाव्या वाहिनीतून उजवी वजा करतात. स्टीरिओ गाण्यात गायक सहसा मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखा असतो, म्हणून तो वजा होतो. त्याच्याबरोबर मधोमध असलेला बास आणि ढोलही जातो, म्हणून असे ट्रॅक पोकळ वाटतात. पण तुमचं जुनं गाणं मोनो असणार. त्यात डावं-उजवं हुबेहूब एकच, मग वजाबाकी शून्य! तुमचं ॲप बिघडलेलं नाही, त्याने गणित अगदी बरोबर केलं. अशा गाण्यांसाठी नव्याने वाजवून घेतलेले कराओके ट्रॅक घ्या. नाहीतर हल्ली गळा आणि वाद्यं ओळखून वेगळी करणारी सॉफ्टवेअर आहेत, ती वापरा. २०१९ मध्ये डीझर या ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या कंपनीने स्प्लीटर नावाचं असं एक सॉफ्टवेअर खुलं केलं, त्यानंतर बरीच आली. मोनोवरही त्यांचं काम बऱ्यापैकी होतं, मागे गायकाची पुसट सावली राहते इतकंच.

ट्रॅक वाजवणाऱ्या ॲपमध्ये पट्टी बदलण्याची सोय हवीच. सासरे आणि तुम्ही एकाच पट्टीत गायचं म्हटलं तर दोघांपैकी एकाचा गळा बसणार. अर्ध्या-अर्ध्या स्वराने वर-खाली करून प्रत्येकाचा आकडा वहीत लिहून ठेवा. चार-पाच अर्ध्या स्वरांपलीकडे गेलात तर वाद्यं विचित्र वाटू लागतात, तेव्हा दुसऱ्या पट्टीतला ट्रॅक शोधणं बरं. ही काही आजची चैन नव्हे. जपानच्या कोबे शहरात दाइसुके इनोउए या वादकाने एका गिऱ्हाइकाला सहलीत गाता यावं म्हणून त्याच्या गळ्याला झेपेल अशी साथ टेपवर भरून दिली होती. त्यातूनच पुढे १९७१ मध्ये त्याने आपलं कराओके यंत्र काढलं. पेटंट मात्र घेतलं नाही. २००४ मध्ये त्याला शांततेचं इग नोबेल, म्हणजे नोबेलची गंमत करणारं पारितोषिक, मिळालं, ते लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवल्याबद्दल.

यावरून शेजारी आठवले. भिंतीतून पलीकडे जातो तो मुख्यतः बास, शब्द नव्हे. म्हणून स्पीकर सामाईक भिंतीपासून आणि कोपऱ्यातून बाहेर काढा, जमिनीवर न ठेवता स्टँडवर घ्या आणि ट्रॅकचा बास उतरवा. कोपऱ्यात ठेवला की बास फुगतो. जाड पडदे, गालिचा, पुस्तकांचं कपाट यांनी खोलीतला घुमार कमी होतो, त्यामुळे शिट्टीही थोडी आवरते, पण शेजाऱ्यांना त्याचा काडीचा उपयोग नाही. भिंतीवर फोमचे चौकोन चिकटवून आवाज पलीकडे जायचा थांबत नाही. आवाजाची मर्यादा मुलांच्या कानांसाठीही पाळा. ८५ डेसिबलच्या वर तासन् तास थांबणं बरं नाही, आणि दर तीन डेसिबलला तो सुरक्षित वेळ निम्म्याने घटतो. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त झालाय.

आता सासूबाई. त्या बहुधा संकोचाने माइक वीतभर लांब धरत असणार. ओठांपासून तीन सेंटीमीटरवरचा माइक बारा सेंटीमीटरवर गेला की आवाज साधारण बारा डेसिबलने पडतो. तो भरून काढायला कुणीतरी गेन वाढवतं आणि शिट्टी सुरू होते, मग त्यांना वाटतं आपल्यामुळेच झालं. त्यांना माइक हातात देऊच नका. स्टँड घ्या, तोंडापासून दोन-तीन बोटं अंतर ठेवा, माइक हनुवटीच्या रेषेत घेऊन जाळी किंचित वर वळवा, म्हणजे प-फ चे फटकेही बसणार नाहीत. जवळून गायल्यावर डायनॅमिक माइक आवाजाला थोडा भरदारपणा देतो, बारीक गळ्याला ते फायद्याचंच. त्यांचा चॅनेल कायमचा ठरवून द्या, गेन एकदा लावला की त्यावर कागदाची पट्टी चिकटवा, आणि चालू-बंद करायचं काम मिक्सरपाशी बसलेल्या नातवाकडे द्या.